साहेबांच्या कागदावर निकामी

मी निकामी नाही, हे आधीच सांगते. मी सूर्यचूल बोलतेय. पत्र्याची पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा आणि पोटात चार काळे डबे. एवढ्यावर मी भात शिजवते. लाकूड नको, रॉकेल नको.

१९८४ च्या मार्चमध्ये सरकारी सवलतीत मी वरठीला कौशल्याबाईंच्या अंगणात आले. त्यांची सून चंद्रकला धुराने खोकून बेजार झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, चूल सोडा. तिची सारी भिस्त माझ्यावर.

पहिल्या दिवशी दुपारी भात झाला, मोकळा, वाफाळता. तिसऱ्या दिवसापासून मात्र तांदूळ कच्चेच.

तपासायला सरकारी कचेरीतले साहेब आले. त्यांनी सावलीत बसून चहा घेतला, कच्चा भात लांबूनच पाहिला, झाकणाला हातही न लावता लिहिलं, 'निकामी. परत घ्यावी.' सोमवारी गाडी येणार होती.

रविवारी चंद्रकला माझ्यापुढे बसली. "पयल्या दिशी भात कसा शिजवला मंग इनं?" डबे उचलून पाहिले. चांदीसारखे लखलखीत!

"मामीजी, हे काळे होते न?" तिने सासूला विचारलं.

"होते. राखेनं घासले मी. दोन दिवस हात दुखले. काळ्या भांड्यात काहून जेवाचं? लोकं काय म्हणतीन?"

"मामीजी, तुमी चूलच घासून टाकली! काळं हाये म्हणून त ऊन धरते ते."

कौशल्याबाईंनी कपाळावर हात मारला. चंद्रकलाने नाकाला पदर बांधला, ओली लाकडं पेटवली आणि डब्यांना बाहेरून दाट काजळी धरेपर्यंत त्या धुरात खोकत बसली.

सोमवारी दुपारी शिपाई आला. "बाई, कागदावर निकामी हाये."

"मंग त्या कागदात भात शिजवून दाखवा, भाऊ!" तिने माझं झाकण उघडलं. वाफ त्याच्या चष्म्यावर गेली. तो दोनदा भात घेऊन जेवला आणि रिकामी गाडी घेऊन परतला.

आज पाच वर्षं झाली. माझा आरसा डागाळलाय, काचेला तडा गेलाय. चंद्रकलाचा खोकला गेला. भांडी घासायला कोणी बसलं की कौशल्याबाईच ओरडतात, "हात नोको लावू! ते घासाचे नाही!"

साहेबांचा कागद मात्र बदलला नाही. तिथे मी अजून निकामीच आहे. म्हणून सांगते, साहेब, पुन्हा तपासायला या. पण सावलीत बसू नका. माझ्याजवळ उन्हात उभे राहा, स्वतःच्या हाताने झाकण उघडा.

बाराला या. ताट वाढलेलं असेल.