पाळंदेसरांसारखा दिसणारा माणूस

हेमचंद्र पाळंदे पुण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि मुलाकडे थोडे दिवस राहायला म्हणून पर्थला आले. ते उतरले आणि त्यांच्या मागोमाग कोविडमुळे ऑस्ट्रेलियाचे दरवाजे बंद झाले. थोड्या दिवसांचं वर्ष झालं. २०२१चा एप्रिल संपत आला, तेव्हा पुण्याहून रोज कुणी ना कुणी गेल्याचा फोन यायचा. इकडे पर्थच्या हॅरिसडेल उपनगरात मात्र आकाश निळंशार आणि रस्ते शांत होते. नुकताच एक छोटा लॉकडाऊन होऊन गेला होता आणि त्याची खूण म्हणून घराबाहेर सगळ्यांच्या तोंडावर मास्क आला होता.

मुलगा कुशल खाणीवर इंजिनिअर होता. दोन आठवडे साइटवर, एक आठवडा घरी. सून मैथिली घरूनच आयटीचं काम करायची. त्यामुळे शाळा सुटल्यावर आठ वर्षांच्या तनयाला पार्कात नेणं सरांकडे आलं होतं. तनया झोपाळ्याकडे पळायची आणि सर बँक्सियाच्या झाडांकडे. या झाडाने त्यांना वेड लावलं होतं. कणसासारखं दिसणारं एक फूल म्हणजे प्रत्यक्षात शेकडो फुलं, ती खालून वर क्रमाने उमलत जातात. सर गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून बसायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. म्हातारा माणूस मातीत बसून काय बघतोय, म्हणून मुलं गोळा व्हायची. सर भिंग त्यांच्या हातात द्यायचे.

मग एके दिवशी मुलं आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी एक बाई जरा लांब उभी राहून मोबाइल धरून फोटो काढताना दिसली. तिला बँक्सियाचाच फोटो हवाय असं वाटून सर बाजूला झाले आणि हाताने खुणावलं, या, जवळून घ्या. बाई मागे सरकली आणि वळून निघून गेली.

"आजोबा," घरी येताना तनया म्हणाली, "रूबीज मम सेड आय शुड स्टे अवे फ्रॉम द मॅन विथ द ग्लास. आय टोल्ड हर, दॅट्स माय आजोबा."

"मग काय म्हणाली?"

"नथिंग. शी जस्ट लुक्ड अ‍ॅट मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात पोलीस आले. एक वयस्कर सार्जंट आणि एक तरुण कॉन्स्टेबल मुलगी. दोघंही अगदी सौम्यपणे बोलत होते. कुणीतरी काळजीपोटी फोन केला होता. पार्कात मुलांजवळ असणारे हे गृहस्थ पोलिसांच्या वेबसाइटवरच्या एका फोटोसारखे दिसतात, असं त्या व्यक्तीचं म्हणणं होतं. पासपोर्ट बघता येईल का?

मैथिली पुढे आली. "कसल्या वेबसाइटवरच्या?"

सार्जंटने सांगितलं. मुलांवर लैंगिक अत्याचार केलेल्यांची नोंद पोलीस ठेवतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यातल्या काही जणांचे, ज्यांच्यापासून जास्त धोका आहे असे, फोटो आपल्या भागापुरते रहिवाशांना बघायला मिळतात.

सरांनी पासपोर्ट आणून दिला आणि समोरची खुर्ची ओढून बसले. पोलीस पासपोर्ट बघत होते तेव्हा वर्गात शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्यासारखं त्यांनी विचारलं, "फक्त फोटो? नाव नाही?"

"नाव नाही, पत्ता नाही. नुसता चेहरा."

"पत्ता का नाही?"

"पत्ता दिला तर लोक विटा घेऊन जातील, मेट. आणि कधीतरी चुकीच्या घरावर जातील."

"आणि नोंदीतले सगळे त्यात दिसतात?"

"सगळे नाही. बरेच दिसत नाहीत."

"मला बघता येईल?"

"इथलं ड्रायव्हिंग लायसन्स आहे?"

"नाही. मी व्हिजिटर व्हिसावर आहे."

"मग नाही," सार्जंट किंचित हसला आणि पासपोर्ट परत दिला. "तुमचा काही प्रश्न नाही, सर. नो वरीज. त्रासाबद्दल माफ करा."

"चहा घेणार?" सरांनी विचारलं.

पोलीस गेल्यावर मैथिलीचा बांध फुटला. "चहा काय विचारता, बाबा! ते तुम्हाला काय समजून आले होते, कळलं ना तुम्हाला?"

"कळलं."

"मग?"

"मग काय? त्यांनी नम्रपणे विचारलं, मी नम्रपणे सांगितलं."

पण संध्याकाळी ती कपडे घेऊन बाथरूमवरून जात होती तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. सर मास्क लावून आरशासमोर उभे होते. चष्मा काढत होते, घालत होते. मान जरा तिरकी करून स्वतःच्या डोळ्यांकडे बघत होते, जणू हे कुठल्या जातीचं पान आहे ते ओळखायचंय. मैथिली पाय न वाजवता पुढे गेली. त्यानंतर काही दिवस सर पार्कात गेले नाहीत. तनयाला पार्कात तीच न्यायला लागली.

या दिवसांत सरांनी त्या कायद्याबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. जेवताना तेच बोलायचे. इतर राज्यांत अशी सोय नाही, फक्त इथेच आहे. फोटो बघता येतो, पण दुसऱ्याला पाठवला किंवा दाखवला तर गुन्हा. आणि आपल्या मुलाशी एकट्याने नेहमी संबंध येणारा एखादा ठरावीक माणूस असेल, तर आई-बाप त्याच्याबद्दल पोलिसांना विचारू शकतात.

"मैथिली, तू बघशील?" एकदा त्यांनी विचारलंच.

"तुम्हाला त्यात काय बघायचंय?"

"मी नाही, तू बघ. मला दाखवू नकोस. फक्त सांग, खरंच माझ्यासारखा आहे का."

"शी! बाबा."

"अगं, त्या बाईने काय पाहिलं हे मला कळून घ्यायचंय. ती खोटारडी आहे, की भित्री आहे, की तिची चूकच नव्हती?"

मैथिलीला स्वतःलाही ते हवं होतं, हे तिने कबूल केलं नाही. तिने लॅपटॉप उघडला. सर टेबलाच्या पलीकडे बसले. तिने माहिती भरली, लायसन्स नंबर घातला, नियम मान्य केल्याच्या खुणा केल्या. पुढचं पान उघडलं आणि ती एकेक फोटो बघू लागली.

सर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

मैथिलीने लॅपटॉप बंद केला. "डोळे," ती म्हणाली. "आणि केस. मास्क असता ना बाबा, तर मीसुद्धा दोनदा वळून बघितलं असतं."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हणजे ती खोटारडी नव्हती."

त्या दिवसापासून मैथिलीची नजरच बदलली. तो चेहरा इथेच, याच रस्त्यांवर कुठेतरी राहत होता. पेट्रोल पंपावर, केमिस्टकडे, कुठेही पांढरे केस दिसले की ती बघायची. एकदा सुपरमार्केटच्या रांगेत तिच्या पुढे एक म्हातारा होता. मास्क, चष्मा. तेच डोळे असावेत असं वाटलं. त्याने दूध घेतलं होतं आणि मांजराचं खाणं. पैसे देताना तो नाणी एकेक करून मोजत होता. मैथिलीने मोबाइल बाहेर काढला. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला करण्यासारखं यात काहीच नाही. ओरडायचं? कुणाला सांगायचं? तो असेल तर दूध घेऊन घरी चाललाय. नसेल तर तो कुणाचा तरी आजोबा आहे.

म्हातारा पिशवी उचलून बाहेर गेला आणि ती भाजीची टोपली धरून तिथेच उभी राहिली.

तिने सरांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला त्या बाईशी बोलायचंय."

"भांडायचंय?"

"छे! विचारायचंय."

तिने अडवलं नाही, पण त्यांच्याबरोबर पार्कात गेली. घराबाहेरची मास्कची सक्ती आता उठली होती. रूबीची आई, त्या दिवशी मोबाइल धरून उभी असलेली तीच बाई, बाकावर एकटीच होती. तिचं नाव लिएन. सरांचा अख्खा चेहरा समोर आला तशी ती उठून उभी राहिली आणि तिच्या गालांवर लाली चढली.

"मी हेमचंद्र," सर म्हणाले. "तनयाचा आजोबा. बसू का?"

ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मैथिली उभीच राहिली.

"मीच फोन केला होता," लिएन म्हणाली. आवाजात माफी नव्हती. "पोलिसांनी सांगितलं, ते तुम्ही नाही. मला बरं वाटलं. पण पुन्हा तसं वाटलं तर मी पुन्हा फोन करीन."

"करायलाच हवा," सर म्हणाले. "माझ्या नातीसाठीही करा. मला एवढंच विचारायचं होतं, तुम्ही चेहऱ्यामुळे ओळखलंत, की मी जे करत होतो त्यामुळे?"

लिएन गोंधळली. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. तिने विचार केला.

"आधी तुम्ही काय करता ते पाहिलं," ती म्हणाली. "एक अनोळखी पुरुष मुलांना जवळ बोलावतोय, हातात काहीतरी देतोय, फोटो काढतोय. मग घरी जाऊन साइट बघितली. मग चेहरा जुळला."

मैथिलीने तोंड उघडलं, पण सरांनी हात वर केला. "बरोबर आहे. पुण्यात माझे विद्यार्थी होते, त्यांची मुलं होती, सगळे मला ओळखायचे. इथे मला कुणी ओळखत नाही हे मी विसरलोच. मुलांच्या आयांना आधी विचारायला हवं होतं."

लिएन खाली बघत होती. मग एकदम म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीला ज्याने त्रास दिला तो आमचा नेटबॉलचा कोच होता. आमच्या घरी बार्बेक्यूला यायचा. त्याचं नाव कुठल्याच यादीत कधी आलं नाही. ती बोलली तेव्हा तो मरून गेला होता."

झोपाळ्यांच्या साखळ्या करकरत होत्या. मैथिली हळूच तिच्या शेजारी बसली.

"मग तू ती साइट का बघतेस?" तिने विचारलं. विचारताना आपण हे स्वतःलाच विचारतोय असं तिला वाटलं.

"कारण तिथे बघायला काहीतरी असतं," लिएन म्हणाली. "बाकी सगळीकडे नुसती भीती. तिथे निदान चेहरा असतो."

मैथिलीने मान हलवली. मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "रूबी पण शनिवारी जिम्नॅस्टिक्सला जाते ना? तनयाच्याच बॅचला?"

"हो."

"त्या आत काय करतात ते आपण पाहिलंय का, कधी? कोविड सुरू झाल्यापासून?"

लिएनने तिच्याकडे बघितलं. दोघींनाही एकदमच ते कळलं. लॉकडाऊननंतर क्लास सुरू झाले तेव्हा गर्दी नको म्हणून पालकांना आत यायला बंदी झाली होती. मुलांना दारात सोडायचं आणि दारातून न्यायचं. हॉलच्या काचेवर आतून कागद चिकटवले होते, पालक काचेशी गर्दी करतात म्हणून. सगळ्यांनी ते निमूट मान्य केलं होतं. वर्षभर एकाही आईने आपलं मूल कुठल्या खोलीत असतं ते पाहिलं नव्हतं, आणि सगळ्या जणी घरी जाऊन अनोळखी चेहरे शोधत होत्या.

त्याच शनिवारी दोघी गेल्या. सरही गेले, मागे उभे राहिले. क्लासची मालकीण धांदलीत होती. तिने नियम सांगितले, अंतर सांगितलं, विमा सांगितला.

"आमचा कुणावर संशय नाही," मैथिली म्हणाली. "तुमच्या कोचवरही नाही. पण आम्हाला बघायला मिळायला हवं. आम्ही बाहेरच उभ्या राहू, लांब लांब. फक्त ते कागद काढा."

"एवढ्या महिन्यांत कुणी मागितलंच नाही," मालकीण म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. "मलाच ते कागद आवडत नव्हते. आत फार अंधार होतो."

ती आत गेली आणि एक तरुण कोच नखांनी कागद ओरबाडून काढू लागला. चिकटपट्टी निघेना, तशी लिएनने पर्समधून नेलफाइल काढून दारातून आत दिली. हळूहळू काच मोकळी झाली.

आत मुली गाद्यांवर ओळीत बसल्या होत्या. तनया अरुंद फळीवर दोन्ही हात पसरून चालत होती, जीभ दाताखाली धरून. मुलींची कोच, एक बाई, जरा लांब उभी राहून तिला काही सांगत होती. तिला हात न लावता.

घरी जाताना गाडीत मैथिलीने लेकीला विचारलं, की तुला कुणी नकोसा वाटेल असा हात लावला, किंवा हे आईला सांगू नकोस म्हणालं, तर काय करशील. हा प्रश्न आपण इतक्या सहज विचारू असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"टेल यू," तनया म्हणाली. "ऑर आजोबा. वी डिड इट अ‍ॅट स्कूल, मम."

"स्कूलने काय शिकवलं, मला सांग ना," मागच्या सीटवरून सर म्हणाले. "सगळं. पहिल्यापासून."

आणि तनयाने सांगायला सुरुवात केली. कुठल्या मोठ्या माणसांना विचारायचं, कुठली गुपितं ठेवायची आणि कुठली अजिबात ठेवायची नाहीत. मध्ये मध्ये सर शंका विचारत होते, आणि ती थोडी वैतागत, थोडी खूश होत, त्यांना पुन्हा समजावून देत होती. मैथिली आरशातून दोघांकडे बघत हळू गाडी चालवत राहिली. घराची गल्ली आली तरी ती वळली नाही, तशीच पुढे गेली, कारण तनयाचं सांगणं अजून संपलं नव्हतं.