हरायला आलेले एकोणीस जण

जाहिरात रविवारी आली. पेपरात, सर्वात बारीक अक्षरांत, वापरलेल्या गाड्या आणि हरवलेली मांजरं यांच्या मधोमध. 'दंत प्रयोगशाळेस पोर्सेलिनचे दात घडवणारा कारागीर पाहिजे. एक जागा. दोन वर्षांचा अनुभव. डेली सिटी.'

कारागीर माझ्याकडे होती. मारिविक. पाच वर्षं त्याच खिडकीजवळ बसून ती दात घडवत होती. पण तिला या देशात कायमचं ठेवून घ्यायचं, तर मालकीण म्हणून मला आधी सरकारला दाखवावं लागतं की ही जागा मी सगळ्यांपुढे ठेवली, आणि इथला एकही लायक माणूस ती घ्यायला तयार झाला नाही. हे मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शेजारी शब्दकोश उघडा ठेवून तीनदा वाचलं. नवरा गेल्यावर लॅब अंगावर पडली तेव्हापासून मी सगळं असंच शिकत आले आहे. दात तेवढा अजून करता येत नाही.

मारिविकच्या परवान्याची सहा वर्षं पुढच्या उन्हाळ्यात संपणार होती. त्याच्या वर्षभर आधी, म्हणजे या जूनअखेर, सरकारकडे अर्ज गेला नाही, तर तिला मायदेशी, इलोइलोला, परतावं लागलं असतं, आणि अकरावीतल्या तिच्या मुलीलाही. पुन्हा पहिल्यापासून जाहिरात द्यायला वेळ नव्हता.

"असल्या जाहिरातींना कोणी उत्तर देत नाही," वकीलबाई म्हणाल्या होत्या.

जाहिरात दुसऱ्या रविवारीही छापून आली, आणि त्यानंतर माझ्याकडे एकोणीस अर्ज आले.

मी चष्मा पुसून नावं वाचली. एकोणीसच्या एकोणीस आमच्या चर्चमधल्या गायकवृंदातले. सहा परिचारिका, दोन आचारी, एक बसचालक. त्यांतल्या फ्लोरदेलिसाने अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'माझे स्वतःचे दात अजून शाबूत आहेत.'

मी तिलाच फोन लावला. "हे काय आहे?"

"कुया सेलो म्हणाले, भरा. आम्ही भरले."

कुया सेलो आमच्या वृंदाचे प्रमुख. वय एकाहत्तर. कुया म्हणजे थोरला भाऊ, आणि ते अर्ध्या डेली सिटीचे थोरले भाऊ आहेत. तरुणपणी गावच्या संताच्या उत्सवात राणी निवडायची स्पर्धा तेच भरवायचे. त्यांचा हिशोब सरळ होता. एकाच मुलीने फॉर्म भरला तर ती राणी होते खरी, पण कोणी टाळ्या वाजवत नाही. समोर अठरा-वीस जणी हरायला हव्यात. मारिविक त्यांना लेकीसारखी, म्हणून त्यांनी तिच्यासाठी हरणारे गोळा केले.

अठरा अर्ज बाजूला काढायला मला अर्धा तास लागला. त्या लोकांनी आयुष्यात दात फक्त घासले होते. एकोणिसावा अर्ज कुया सेलोंचा स्वतःचा. त्यांनी चाळीस वर्षं पोर्सेलिनचे दात घडवले होते. नागरिक होऊन तीस वर्षं झाली होती. लायक म्हणावं तर मारिविकपेक्षा दुप्पट.

"मुलाखत घ्या. खरी घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "मला त्यात पडता येत नाही, मारिविकलाही नाही. निर्णय तुमचा एकटीचा. आणि त्यांना 'नाही म्हणा' असं सुचवायचं नाही. डोळ्यांनीसुद्धा नाही."

"आणि ते हो म्हणाले तर?"

"तर मारिविकचा अर्ज पाठवता येणार नाही."

गुरुवारी सकाळी दहाला कुया आले. बायकोच्या, फेच्या, अंत्यविधीला घातलेला कोट. एका हातात प्रमाणपत्रांची फाइल, दुसऱ्या हातात शेवयांचं, पान्सितचं, मोठं ताट, फॉइलने झाकलेलं.

"परीक्षकाला काही द्यायचं नसतं, मला माहीत आहे," ते म्हणाले. "हे प्रतिस्पर्धी मुलीसाठी आहे. कुठे आहे ती?"

"बाहेर पाठवलंय. नियम आहे."

"बरोबर. आमच्याकडेही पडद्यामागे ठेवायचे."

कामावर घेताना मी प्रत्येकाला समोरचा एक दात करायला लावते. मारिविकलाही लावला होता. कुयांना तिच्या टेबलापाशी बसवलं. बाहेर धुकं होतं. आमच्या गावाला लोक त्या धुक्यावरून नावं ठेवतात, पण दाताचा रंग जुळवायला त्या एकसारख्या उजेडाची तोड नाही.

कोट काढताना त्यांची बोटं थरथरत होती. कुंचला घ्यायला त्यांनी उजवीकडे हात नेला, तिथे काही नव्हतं. मारिविक डावखुरी. "अरेच्चा," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी कुंचले, पाण्याची वाटी, काचेची पाटी, सगळं उजवीकडे घेतलं. आणि एकदा ओल्या भुकटीत कुंचला टेकला तशी थरथर थांबली. मी हे सांगायला नको, पण मी प्रार्थना करत होते की ती थांबू नये.

"पाच वर्षं झाली गं," मान वर न करता ते म्हणाले. "माझ्या जुन्या लॅबमध्ये दात कोरणारं यंत्र आलं, आणि मला केक कापून घरी पाठवलं. केक चांगला होता."

दात भट्टीतून निघाला. खिडकीशी धरला. मारिविकच्या हातचा नव्हता, पण चांगला होता. आणि कायदा काही सर्वात चांगला कोण ते विचारत नाही. पुरेसा चांगला असला की झालं. हा पुरेसा होता.

मग मी कागद पुढे घेतला.

"पूर्ण वेळ काम. सोमवार ते शनिवार. चालेल?"

"चालेल."

"छापलेला पगार मान्य?"

"मान्य." ते हसले, मग हसायचे थांबले. "लिगाया, तू खरंच विचारतेस?"

"खरंच विचारतेय, कुया. तुम्हाला हे काम हवं असेल तर ते तुमचं आहे."

त्यांनी टेबलावरून हात फिरवला. "फे गेल्यापासून सकाळी आंघोळ करून मी कोट घालतो, आणि मग कुठे जायचं ते आठवत नाही." मग म्हणाले, "हो. हवंय मला."

मी 'हो' लिहिलं. एवढुसा शब्द, पण पेन ढकलावं लागलं.

"टेबल कुठलं देशील?"

"हेच."

"हे मारिविकचं आहे."

"जागा एकच आहे. जाहिरातीत तसंच छापलंय."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर मारिविकने शिवलेली उशी होती, जुन्या पडद्याच्या कापडाची. आतल्या खोलीतलं यंत्र घरघरत होतं.

"आणि मी जिंकलो, तर ती कुठे बसणार?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे धुक्याशिवाय काही नव्हतं, पण मी ते फार मन लावून पाहिलं.

"अच्छा," कुया म्हणाले. खूप हळू. "ही ती स्पर्धा नाही."

मग हात पुढे केला. "आण तो कागद."

"कुया, जे खरं असेल तेच लिहायचं. खोटं मला चालणार नाही."

"तू मला उपदेश करू नकोस. तुला पहिलं भजन मी शिकवलंय, अजून खालच्या पट्टीत गातेस." त्यांनी माझा 'हो' खोडला, शेजारी सही आणि तारीख घातली, आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'काम आवडलं. स्वीकारत नाही. मला हवी होती ती खुर्ची, पण ज्या खुर्चीतून तिला उठवावं लागेल ती मला नको.'

कोट घालण्याआधी त्यांनी कुंचला धुतला, टोक बोटांनी नीट केलं. मग वाटी, पाटी, कुंचले, एकेक करून सगळं पुन्हा डावीकडे ठेवलं. मारिविक ठेवते त्याच क्रमाने. बसताना एकदाच पाहिलं होतं त्यांनी.

ती दुपारी परत आली. पान्सित उभ्यानेच खाल्लं, आणि टेबलावरचा दात उचलला.

"हा कोणत्या पेशंटचा?"

"कोणाचाच नाही."

तिने तो उजेडात फिरवला. "कडेला निळसर किती सुंदर आलंय, तिता." तिता म्हणजे मावशी, ती मला तेच म्हणते. "मला हे जमत नाही." मग मान वर केली. "कुया सेलोंचा ना? येऊन गेले?"

"मला यावर बोलता येत नाही."

"मी तुम्हाला विचारत नाही. रविवारी त्यांनाच विचारते, हे निळं कसं आणायचं."

अर्ज जूनच्या सव्वीस तारखेला गेला. अडीच वर्षांनी मारिविकचं कायमच्या वास्तव्याचं कार्ड आलं. चर्चच्या सभागृहात जेवण होतं, आणि कुया सेलो कोट घालून दारात अडून उभे होते. बाकीचे अठरा त्यांच्या मागे.

"आधी आमचे पट्टे, राणीच्या स्पर्धेत खांद्यावरून घालतात तसले," ते म्हणाले. "मी पहिला उपविजेता आहे. तसं पट्ट्यावर लिहून आणल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही."