मीठ कमी चालेल

तळेगावच्या मसाल्याच्या कारखान्यात मी सहा वर्षं होते. तपासणी करणारी माणसं वेगळी, मी त्यांचे रिपोर्ट टाइप करायचे. पुढे कंपनीनं ते खातंच दुसरीकडे हलवलं आणि मी घरी बसले. मग ठरवलं, आपणच सल्लागार व्हायचं. छोटे उद्योग करणाऱ्यांना लायसन्स, लेबल, टिकाऊपणा असलं सगळं सांगायचं.

लोणावळ्यात कार्ड छापायला गेले. छापखानेवाल्यानं विचारलं, "अनुभव किती टाकू?"

"दहा वर्षं," मी म्हणाले. सहाचं दहा करताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पहिलं बोलावणं टाकवे बुद्रुकहून आलं. तिथल्या बायकांचा बचत गट करवंदाचं लोणचं करतो. हिरामावशी गटाच्या अध्यक्ष. पवनानगरला तळ्याकाठी तंबू भाड्यानं देणाऱ्या सत्यमनं त्यांच्याकडं दोनशे बरण्या मागितल्या होत्या, पण शहरातल्या पाहुण्यांना खारट चालत नाही, मीठ कमी हवं, अशी त्याची अट होती.

समाजमंदिरात माझ्यासाठी खुर्ची मांडलेली. बाकी सगळ्या खाली सतरंजीवर.

"मॅडम, मीठ निम्मं केलं तर टिकंल का वो?" हिरामावशींनी विचारलं.

मी जन्मात लोणचं घातलेलं नव्हतं. आमच्या घरी आई घालते. 'मला माहीत नाही, विचारून सांगते' एवढंच म्हणायचं होतं. पण पंधरा बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि मी खुर्चीवर बसले होते.

"चालेल," मी म्हणाले. "वरून तेल जास्त सोडा."

"आमी तर लय मीठ घालतो. सासूबाईंपासनं तसंच हाय."

"मावशी, आता शास्त्र पुढं गेलंय."

त्या पदर सावरून उठल्या. मला वाटलं, पटलं.

बरण्या पवनानगरला पोचल्या आणि तीन आठवड्यांनी सत्यमचा मला फोन आला. बरण्यांची झाकणं फुगली होती. कशाला फेस, कशावर पांढरी बुरशी. एका कुटुंबाच्या जेवणात बरणी उघडली तर वास आला म्हणून ते लोक ताटावरून उठले होते. त्यानं सगळा माल टेम्पोत भरून टाकव्याला परत पाठवला.

त्यानंतर हिरामावशींचा फोन आला. मी तो नुसता वाजू दिला. दोन दिवसांत त्यांनी सहा वेळा केला. प्रत्येक वेळी मी फोन उशीखाली सारला. शेवटी गटातल्या कोमलचा मेसेज आला, शनिवारी मीटिंग आहे, याल का?

कान्हे फाट्यावरून जीपमध्ये बसले तेव्हा कारणं तयार होती. बरण्या ओल्या राहिल्या असतील. करवंदं पावसात भिजली असतील.

मी सतरंजीवर बसायला गेले तर कोमलनं पुन्हा खुर्ची आणली. गटातल्या सरुबाई तापलेल्याच होत्या. "दोनशे बरण्या खड्ड्यात पुरल्या आमी. आता कोण घेणार आमचा माल? सांगा की मॅडम, कुटं चुकलं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात हिरामावशी उठल्या.

"त्यांना काय इचारती? त्यांनी बरोबर सांगितलं व्हतं. माझ्याच हातनं अंदाज चुकला. मीठ निम्म्याहूनबी कमी पडलं."

"मग चावी ठेव," सरुबाई म्हणाल्या.

हिरामावशींनी पदराची गाठ सोडली, लोणच्याच्या शेडची चावी काढली, अध्यक्षाकडंच असायची ती, आणि सतरंजीवर ठेवली. आणि मी? मी मान हलवली. कुणी पाहिलंही नसेल, पण हलवली. नंतर चहा आला, तोही प्यायले.

जीपपर्यंत सोडायला त्याच आल्या. "मावशी, असं का केलंत?" मी विचारलं.

"तू लेकीवाणी. नवा धंदा तुजा. पहिल्याच गावात नाव गेलं तर फुडं कोण बोलवंल? माझं काय, मी हितलीच हाय."

जीप सुटली. मला धड रडताही येईना.

आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. पुढच्या शनिवारी न बोलावता गेले. कोमल खुर्ची आणायला उठली, मी तिचा हात धरला आणि उभ्यानंच सांगून टाकलं. लोणचं मी कधी घातलेलं नाही. अनुभव दहा वर्षांचा नाही, सहाचा, तोही टायपिंगचा. निम्मं मीठ चालेल हे मी माहीत नसताना ठोकून दिलं, कारण येत नाही म्हणायची लाज वाटली. मावशींचा दोष नाही.

मग सरुबाई म्हणाल्या, "मग त्या दिवशी का गप बसलीस? म्हातारीनं चावी ठिवली तवा डोळे फुटलं व्हतं का?"

मी हिरामावशींकडं पाहिलं. वाटलं होतं, त्या तरी सुटल्यासारख्या दिसतील. त्या लालबुंद झाल्या होत्या.

"मी तुला झाकली," त्या हळू म्हणाल्या, "अन् तू समद्यांम्होरं मला खोटी पाडली. सांगायचंच व्हतं तर आदी माझ्याकडं यायचं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं बोलायला गेले तेव्हाही मी माझाच जीव हलका करायला गेले होते.

सरुबाईंनी चावी हिरामावशींपुढं सरकवली. त्यांनी घेतली नाही. "कोमलकडं द्या," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गटानं पुन्हा लोणचं घातलं, त्यांच्या मिठाचं. मी दोन दिवस जाऊन बरण्या धुतल्या, उन्हात वाळवल्या. नको कुणी म्हटलं नाही, ये असंही कुणी म्हटलं नाही. सत्यमनं वीस बरण्या घेतल्या, मग आणखी वीस.

जुनी कार्डं मी चुलीत घातली. आता लोहगडवाडीच्या टपरीवाल्यांचे लायसन्सचे अर्ज भरून देते, ते मला येतं. त्यापलीकडचं कुणी विचारलं तर विचारून सांगते म्हणते. म्हणताना अजून कान तापतात.

परवा कामशेतच्या बाजारात हिरामावशी भेटल्या. आई कशी आहे, त्यांनी विचारलं. बरी आहे, म्हणाले. त्या जीपमध्ये बसल्या, त्यांच्या शेजारी एक जागा रिकामी होती. मलाही कान्हे फाट्यापर्यंतच जायचं होतं. ड्रायव्हर हाका मारत होता.

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हणाले, "मला थोडं काम आहे."

काम काहीच नव्हतं. मी पुढच्या जीपची वाट बघत उभी राहिले.