आबांचा उजवा हात

आबांच्या उजव्या हाताचा आवाज मी त्यांच्या चेहऱ्याच्या आधी ओळखायला शिकले असेन. पहाटे तालमीतल्या मातीच्या हौदात उतरण्यापूर्वी ते मांडीवर थाप मारून शड्डू ठोकत, आणि तो भरदार नाद मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतून, दवाने ओल्या झालेल्या कौलांवरून थेट स्वयंपाकघरात येई, आई चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणे, "उतरले बघ." ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास त्या तळव्यात इतका मुरला होता की सणासुदीला चंदनाची उटी लावली तरी वर मातीच दरवळे. त्या हाताने आबांनी चाळीस वर्षं पोरांना पाडलं, उचललं, घडवलं. पेठेत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे वस्तादच म्हणत.

तोच हात कार्तिकाच्या कोवळ्या उन्हात खिडकीशी घोंगडीवर पडलेला मी रोज बघत होते. भाद्रपदात त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आईला जाऊन बारा वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघंच होतो. ते, आणि मी, त्यांची एकुलती लेक, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, प्राथमिक शाळेत शिकवणारी आणि स्वभावाने त्यांच्यापेक्षा काकणभर तिखट. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालू लागला, वाणीही जराशी जड होऊन परतली. हात मात्र आला नाही. बोटं थोडी हलत, पण स्पर्श कळत नसे. ऊन, पाणी, सुई, माझा हात, सारं त्यांना सारखंच. डॉक्टर म्हणाले, संवेदना येईलही, येणारही नाही, वाट बघा. आणि आबा वाट बघू लागले. ऊन तळव्यावरून मनगटाकडे, मनगटावरून कोपराकडे सरके, आणि परगावी गेलेल्या पोराच्या वाटेकडे बघावं तसे ते त्या हाताकडे बघत राहत.

ठमी घरात आली ती दुधाबरोबर. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी म्हशी उभ्या राहत, गिऱ्हाइकासमोर धार काढून मिळे, आणि आबांसाठी तांब्याभर निरसं दूध आणायला मी जात असे. एके दिवशी सखूमावशी गवळणीने मला न विचारता माझ्या पिशवीत मुठीएवढं करडं मांजराचं पिल्लू घातलं. "न्या की बाई, वस्तादांचं मन रमंल. आय मेली हिची, भावंडंबी ऱ्हायली न्हाईत." मी नको नको म्हणेपर्यंत ती पुढच्या म्हशीखाली बसली होती.

आणि काय सांगू, त्या मुठीएवढ्या जिवाने आमचं घर फाडून खाल्लं. साडीचा काठ, वहीचा कोपरा, माझी टाच, आबांचा अंगठा, जे हलेल ते तिचं भक्ष्य. खेळच होता तो, द्वेष नव्हता. पण दात नव्या सुयांसारखे आणि खेळ कुठे थांबवायचा याची तिला गंधवार्ता नाही. मी सखूमावशीकडे गाऱ्हाणं नेलं तेव्हा ती हसली. "एक पिल्लू चावलं की दुसरं वरडतं, खेळ टाकून जातं. असंच शिकत्यात ती. हिच्यासंगं वरडाया कोन होतं?"

तरी मला खरा प्रकार कळायला महिना लागला. शाळेतून आल्यावर आबांच्या उजव्या हातावर रोज नवे ओरखडे, नवी भोकं दिसत. मी औषध लावी आणि ठमीला शिव्या घाली. मग एका दुपारी शाळा लवकर सुटली. दारातून पाहिलं तर आबा डाव्या हाताने उजवा हात उचलून, एखादं भांडं सरकवावं तसा, ठमीपुढे ठेवत होते. तिने करंगळीत दात रोवले. आबा श्वास रोखून, डोळे मिटून बसलेले. रक्ताचा थेंब घोंगडीवर पडला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा उतरली ती मी आई गेली तेव्हाही पाहिली नव्हती. "शाब्बास," ते ठमीला म्हणाले, "उद्या आनखी जोरात."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "आबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"वरडू नको सुमे. एक दिवस लागंल की. लागलं म्हंजे हात आला."

साखरेचा विकार त्यांना आधीपासून; जखमा भरेनात. माघात करंगळी सुजून काळीनिळी झाली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं: आणखी चिघळलं तर बोट काढावं लागेल, मग कदाचित पंजाही, मांजर घरातून काढा. मी घरी येऊन जाहीर केलं की ठमी सखूमावशीच्या गोठ्यात परत जाणार. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नव्हती त्याने एक हात छातीशी नेऊन मला विनवलं. एक हात, दुसरा जोडायला येत नव्हता. मी विरघळले. ठरलं असं: पाडव्यापर्यंत ठमी चावायची थांबली तर राहील, नाहीतर पाडव्याच्या सकाळी जाईल.

मग मी घरातच शाळा भरवली. आबांच्या जुन्या लंगोटाची पट्टी फाडून तिचं खेळणं केलं. चावायचं तर ह्याला. हातावर दात लागला की हिसका द्यायचा नाही, हात तसाच ठेवायचा, "आई गं" म्हणून मोठ्याने ओरडायचं आणि पाठ फिरवून उठून जायचं. मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू दोनदा धावत आल्या. पण पंधरा दिवसांत ठमी माझा हात तोंडात धरी ती नुसत्या ओठांनी, माझ्याकडे बघत, आता ओरडशील का असं विचारत. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. पहिलीच्या वर्गाला बाराखडी आली तरी वाटला नसेल तेवढा.

आबांपाशी मात्र ती होती तशीच राहिली, कारण आबा ओरडतच नव्हते. उजव्या हाताचं सोडा, त्याला कळतच नव्हतं. पण डावा तर धडधाकट होता. त्याचा लचका तोडला तरी त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, नुसती नाकपुडी फुलायची. त्यांच्या तालमीत कण्हणाऱ्या पोराला शंभर बैठका जास्त पडत. मार लागला तर गिळायचा, हीच त्यांची विद्या, आणि ती त्यांनी चाळीस वर्षं वाटली. "आबा, दुखतंय म्हणायला जीभ झडते का तुमची?" मी एकदा कडाडले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सवय न्हाय गं."

सवय नाही. आई गेली त्या दिवशी हा माणूस बाहेरच्या सोप्यात ताठ बसून आल्यागेल्याला पाणी विचारत होता, आणि तेराव्यानंतर पहाटे हौदात उतरला होता. मी तेव्हा वीस वर्षांची. यांना काही लागलंच नाही, असं मी मनाशी धरून बसले आणि बारा वर्षं त्यांच्याशी कामापुरतं बोलले. कुणाला न सांगितलेलं दुःख दुसऱ्याला दिसत नाही. ठमीलाही दिसलं नाही आणि मलाही. ती निदान मांजर होती.

तेव्हा मी त्यांनाच शिकवायला बसले. "म्हणा, आई गं." पहिल्या दिवशी त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो खाकरल्यासारखा होता, ठमीने कान हलवून पुन्हा चावा घेतला. आम्ही दोघंही हसलो. कितीतरी वर्षांनी एकत्र हसलो. फाल्गुन सरता सरता, शेवगा पांढऱ्या फुलांनी भरून आला असताना, डाव्या हातासाठी त्यांना ते जमू लागलं. "आई गं," ते ओशाळून म्हणत, आणि ठमी मागे सरे. डावा हात वाचला. उजवा उरला.

"बघून ओरडा," मी म्हटलं. "दात लागलेला दिसतो ना? मग ओरडा."

ते लाल झाले. "न लागता वरडू? नूरा कुस्ती खेळू? आधीच ठरवून पडनाऱ्याला मी तालमीची पायरी चढू दिली न्हाय, सुमे." त्यावर मी हात टेकले. पाडवा चार दिवसांवर आला होता.

पाडव्याच्या आदल्या दुपारी मी पुरण वाटत होते. बाहेरच्या खोलीतून हाक आली, हाक कसली, किंकाळीच: "आई गं!" मी पुरणाच्या हातानेच धावले. आबांचा उजवा हात घोंगडीवर, तर्जनीवर ताजा थेंब, आणि ठमी दोन हात दूर, कान पाडून, चकित होऊन उभी.

"आबा, उजवा? लागलं? खरंच लागलं?"

त्यांनी मान हलवली. "लागलं. मुंगी चावल्यागत."

मी त्या हातावर डोकं ठेवून रडले. शेजारी साखर वाटली, दुसऱ्या दिवशी गुढी उभारताना जन्मात पहिल्यांदा देवाला मनापासून हात जोडले. ठमी अर्थातच राहिली. आठवडाभर ती अधूनमधून उजव्या हाताला तोंड लावी, आबा ओरडत, ती माघार घेई. आणि मग ती तोंड लावीनाशी झाली. जखमा सुकल्या. करंगळी पूर्वीसारखी तांबूस झाली. वैशाखात मी मोठ्या दिमाखात आबांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि सुई टोचली. आबा गप्प. पुन्हा टोचली, मनगटावर, मग तळव्याच्या मधोमध, खोल. मिटल्या डोळ्यांचा आबांचा चेहरा तसाच, शांत, पुढे काय होणार याची वाट बघणारा. "टोचली का हो?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले आणि मी भिंतीकडे.

परतताना टांग्यात ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तू न्यायला निघालतीस तिला. खेळलो नूरा. झालं." त्यांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, पराभव होता, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. घरी आल्यावर त्यांनी सवयीने डाव्या हाताने उजवा उचलून ठमीपुढे ठेवला. ठमीने तो हुंगला, एकदा चाटला, आणि शहाण्या मुलीसारखी बाजूला होऊन लंगोटाच्या पट्टीशी खेळू लागली. मी तिला किती छान शिकवलं होतं!

"आता कसं कळायचं गं?" आबा म्हणाले.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. हात येईल ही आशा माझ्या मनातून तरी कुठे गेली होती! एका संध्याकाळी उन्हाची तिरीप त्यांच्या गुडघ्यावर होती, ते बाहेर बघत होते असं समजून मी हळूच त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि सगळं बळ लावून चिमटा काढला. काहीच झालं नाही. मग त्यांनी मान वळवली, माझी बोटं पाहिली, माझं तोंड पाहिलं, आणि हळू, जड झालेल्या आवाजात म्हणाले, "आई गं."

त्या चिमट्याच्या आणि त्या शब्दाच्या मध्ये एका श्वासाचा अवधी गेला होता. आबांना जाऊन आता माझेही केस पिकले, पण तो अवधी काही सरत नाही. मी हात घट्ट धरून बसलेली असते, आणि ते अजून माझ्या तोंडाकडे बघत असतात.