निळ्या मोटारीचे गरम कपाळ

मी एक जुनी निळी मोटार आहे, मित्रांनो. माझ्या मागच्या सीटला नाक लावून पाहिलेत, तर तुम्हाला अजून ताज्या पावाचा वास येईल. माझा रंग थोडा विटला आहे, डाव्या दाराला एक पोचा आहे आणि वायपर चालताना कुरकुरतात. पण कुरकुरत का होईना, काच स्वच्छ पुसतात. घरातली मोठी माणसे नाही का, बोलत बोलत सगळे काम उरकून टाकतात, तसेच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे कुणी मला चाके दिली, कुणी दिवे दिले, कुणी हॉर्न बसवून आवाज दिला. माझ्या अंगाच्या लोखंडावर एक नंबरही तिथेच ठोकला. त्याला चासी नंबर म्हणतात. तुमच्या बोटांचे ठसे जसे फक्त तुमचे, तसा तो नंबर फक्त माझा. एवढे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मला घरी आणले ते एका बेकरीवाल्यांनी. आता त्यांना सगळे आजोबा म्हणतात, पण तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. म्हणजे पीठ झटकले की काळ्याभोर दिसत. त्यांनी माझे नाव ठेवले चिंगी. पहाटे माझ्या पाठीत पावाच्या पाट्या भरून आम्ही निघत असू. दवाखाना, शाळेचे वसतिगृह, कोपऱ्यावरची खानावळ, सगळीकडे आमची वाट पाहिली जाई. कडाक्याच्या थंडीत ते किल्ली फिरवायचे आणि म्हणायचे, "उठा बाईसाहेब, गिऱ्हाईक उपाशी आहे." आणि मी उठायची.

दाराच्या पोच्याचीही गोष्ट आहे. आजी गाडी शिकत होत्या, तेव्हा बेकरीच्या खांबाला माझे दार घासले.

"खांबच मध्ये आला," असे आजी आजही शपथेवर सांगतात.

आजोबांनी तो पोचा कधी काढू दिला नाही. "आमच्या संसाराचा शिक्का आहे तो," असे ते म्हणत. पण माझ्या पोटातल्या गोष्टींकडे मात्र त्यांनी कधी डोळेझाक केली नाही. तेल वेळेवर बदलले, ब्रेक वेळेवर तपासले. त्यांच्या हाताखाली मी सुखात होते.

मग आजोबांचे डोळे अधू झाले.

"रस्ता दिसतो हो मला, फक्त कडा दिसत नाहीत," त्यांनी डॉक्टरांना सांगितले.

"गाडी चालवायला कडाच लागतात, आजोबा," डॉक्टर म्हणाले.

पाव पोहोचवायला त्यांच्या मुलाने नवी व्हॅन घेतली. मी बेकरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिले. अंगावर धूळ बसली, धुळीवर मांजर बसले. एक दिवस मुलगा चाचरत म्हणाला, "बाबा, व्हॅन उन्हात उभी असते. मला ही जागा लागणार. रविवारपर्यंत हिला कुणी नेलं नाही, तर भंगारवाल्याला बोलावतो."

आजोबांनी मला पुसून लख्ख केले आणि माझ्या काचेवर पाटी लावली : 'विकणे आहे'.

मित्रांनो, भंगार म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. मला चालायचे होते. आणि आजोबांना, मला कुणीतरी चालवताना पाहायचे होते.

पण इथेच एक घोटाळा झाला. तो कुणा लबाडाने केला नाही, प्रेमाने झाला. बेकरीचा एक नियम असतो. भट्टी तापल्याशिवाय पाव आत सरकवायचा नाही, आणि भट्टी गार असताना गिऱ्हाइकाला दारात उभे करायचे नाही. आजोबांचा सारा जन्म त्या नियमात गेला. त्यामुळे कुणी मला बघायला येणार असले, की ते आधी येऊन मला सुरू करत आणि चांगली तापवून ठेवत. "पाहुणे यायचेत, चिंगे. गार अंगानं कुणाला भेटू नये," म्हणत.

पहिले गिऱ्हाईक आले एक सुतार. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला, मान हलवली आणि "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. मग एक बाप-लेक आले. बापाने हात ठेवला आणि लेकीच्या कानाशी लागला, "चल, बाहेरून गोजिरी आहे नुसती." दोघे निघून गेले. आजोबा बिचारे समजले, रंग आवडला नसेल. त्यांनी मला आणखी घासले.

ती माणसे का गेली, सांगू? गाडीचे दुखणे गार असताना दिसते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होताना किती कुरकुरते, काळा-निळा धूर सोडते का, आतून खडखडाट येतो का, हे तेव्हाच कळते. एकदा इंजिन तापले की आजारी गाडीसुद्धा शहाण्यासारखी वागते. म्हणून विकणारा लबाड असला, तर गाडी आधीच तापवून ठेवतो. आता आजोबा लबाड नाहीत, हे बॉनेटला हात लावून कसे कळावे?

शनिवारी दुपारी एक नर्सबाई आल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या औषधपाणी करतात. बरोबर त्यांच्या बहिणीचे यजमान होते. त्यांनी आल्या आल्या माझ्या टायरला एक लाथ घातली.

"भाऊजी, ते कशासाठी?" नर्सबाईंनी विचारले.

"सगळे घालतात."

"मग तिला काय दुखतंय ते कळलं का?"

"मला माझा अंगठा दुखतोय ते कळलं."

नर्सबाई हसल्या आणि त्यांनी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला, अगदी तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि त्यांचे हसू मावळले.

"काका, गाडी आत्ता कुठे नेली होती का?"

"छे हो! तुमच्यासाठी तापवून ठेवली."

"घ्या!" भाऊजी म्हणाले. "हे तर स्वतःच कबूल करतायत!"

"कबूल कसलं?" आजोबा गोंधळले. "भट्टी तापवल्याशिवाय दुकान कोण उघडतं?"

नर्सबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या पिठाळलेल्या मिशांकडे, हातातल्या फडक्याकडे. मग हळूच म्हणाल्या, "काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण माझ्या पेशंटांना सकाळचं इंजेक्शन सकाळीच लागतं. गाडी उठली नाही तर ते कुणाच्या तोंडाकडे बघणार? मी उद्या सकाळी येते. तोवर किल्लीला हात लावू नका."

त्या गेल्या. आजोबांची अवस्था बघवत नव्हती. गार गाडी पाहुण्यांपुढे ठेवायची, म्हणजे त्यांना कच्चा पाव ताटात वाढल्यासारखे वाटत होते. रविवारी उजाडताच ते शेडकडे निघाले, तर किल्ली खिळ्यावर नाही! आजींनी ती पिठाच्या डब्यात लपवली होती.

"एकदाच सुरू करतो गं, थोडीशीच," आजोबा म्हणाले.

"हात मागे!" आजी म्हणाल्या. "आजवर तिनं कधी तुम्हाला दगा दिला का? मग तुम्ही तिच्यावर एक सकाळ विश्वास ठेवा."

नर्सबाई आल्या. आधी बॉनेटवर हात ठेवला. मी गार होते, दगडासारखी गार. मग त्यांनी सावकाश एकेक पाहिले. तेल मोजायची पट्टी ओढून तेल पाहिले. पायातली चटई उचलून खाली ओल किंवा गंज आहे का, ते चाचपले. दारांच्या फटी सारख्या आहेत का, एखाद्या भागाचा रंग वेगळा दिसतो का, हे उजेडात निरखले, कारण मोठ्या अपघाताच्या खुणा तिथे लपतात. "टायर दोन्ही बाजूंनी सारखे झिजलेत, म्हणजे चाकं सरळ आहेत," भाऊजी म्हणाले. या वेळी त्यांनी लाथ न मारता वाकून पाहिले होते. चासी नंबर नोंदणीच्या कागदावरच्या नंबराशी जुळतो का, म्हणजे गाडी चोरीची तर नाही ना, हेही त्यांनीच अंक अंक वाचून पडताळले. पोच्यापाशी येताच आजी म्हणाल्या, "खांब मध्ये आला होता." कुणी वाद घातला नाही.

पिठाने माखलेली किल्ली नर्सबाईंनी लावली. तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याचा टेम्पो येऊन थांबला.

पहिल्यांदा माझ्यातून नुसती घरघर आली. आजोबांनी डोळे मिटले. भाऊजी काही बोलणार होते, पण नर्सबाईंनी हात वर केला.

"म्हातारं माणूस एका हाकेला उठत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

तेव्हा आजोबा पुटपुटले, "उठा बाईसाहेब. गिऱ्हाईक उपाशी आहे."

मी उठले, मित्रांनो. धूर नाही, खडखडाट नाही. नर्सबाईंनी मला रिकाम्या रस्त्यावर फिरवले, सगळे गिअर टाकून पाहिले, जोरात ब्रेक लावून मी एका बाजूला ओढली जाते का ते पाहिले. परत येऊन म्हणाल्या, "बॅटरी थकलीये, ती बदलू. इंजिन ठणठणीत आहे. घेते मी हिला."

टेम्पो रिकामाच परतला. आजी म्हणाल्या, "पाव तरी घेऊन जा," आणि भंगारवाला पाव घेऊन गेला.

आता मी नर्सबाईंची. रोज सकाळी त्या आधी माझे तेल-पाणी पाहतात, मग पेशंटांकडे निघतात. तुम्ही मोठे व्हाल, कधी जुनी गाडी घ्याल, तेव्हा तिच्या चकाकीवर भाळू नका. तिला सकाळी, गार असताना भेटा, आणि मनात शंका आली तर न विचारता निघून जाऊ नका. विचारा. आणि कधी गाडी विकायची वेळ आली, तर तिला आहे तशी दाखवा. तिचा पोचा लपवू नका.

आजोबांच्या डोळ्यांत औषध घालायला आम्ही अधूनमधून बेकरीवर जातो. माझा आवाज ऐकून ते चाचपडत बाहेर येतात आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवतात.

"गरम आहेस," ते म्हणतात. "म्हणजे कुणाच्या तरी घरी जाऊन आलीस."