कपाट रंगेपर्यंत

वारा असा सुटला होता, की कोंबड्या पुढं चालायला निघाल्या तरी मागंच जायच्या. रानातली निम्मी माती उठून गावात राहायला आली होती. आणि अशा वाऱ्यात मोठीआईचा लेक रंगारणीला म्हणत होता, की कपाट दोन दिवसांत पांढरं करून द्या.

रंगारणीनं दार लोटून घेतलं आणि कपाट बघितलं. सागाचं, वर वॉर्निशचे इतके हात मारलेले, की माशी बसली तर घसरून तिचं कंबरडं मोडावं. तिनं त्याला समजावलं, या चकचकाटावर रंग धरत नाही. आधी सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, मग काचपेपरनं चमक मोडेपर्यंत घासायचं, भेगा बुजवायच्या, रंगाखालच्या अस्तराचा हात द्यायचा, आणि दर वेळी वाळू द्यायचं. सहा दिवस. हे काम ती सासऱ्याच्या हाताखाली शिकली होती. तिच्या रंगाचा पोपडा उडाला असं पंचक्रोशीत कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि तिचं पोट त्याच नावावर चालत होतं.

लेकाला घाई होती. आईला रानातल्या खोलीत नेऊन टाकायचं आणि इथं शाळेचे मास्तर भाड्यानं ठेवायचे, असं त्यानं ठरवलं होतं. त्या खोलीला खिडकी नाही, शेजार नाही. हाक मारली तर ऐकायला बांधावरची बाभळ तेवढी. दोन वर्षांमागं चुलत्याला त्यानं तिथंच नेलं होतं, हवापालटाला म्हणून. चुलता परत आला तो चौघांच्या खांद्यावर.

मोठीआई नाही म्हणाली नव्हती. तिनं फक्त आळीतल्या झाडून सगळ्या बायकांसमोर सांगितलं, की माझ्या लग्नातलं कपाट नीट रंगलेलं बघते आणि आपल्या पायानं गाडीत बसते. लेकानंही चारचौघांत मान हलवली, आणि तिथंच अडकला.

पहिल्या दिवशी रंगारणीनं कपाट धुतलं. दुसऱ्या दिवशी घासायला बसली तर खोलीतली खाट गेलेली. तिसऱ्या दिवशी घोंगडी गेली, पाण्याची घागर गेली. सगळं गाडीवर चढून रानाकडं चाललं होतं. आता भिंतीला टेकलेली म्हातारी आणि फळीवरची तेलाची बाटली एवढंच उरलं होतं.

"पोरी, अजून किती दिवस म्हणायचे?" मोठीआईनं विचारलं.

"तीन."

"आणि तू आजारी पडलीस तर?"

"मी कशाला आजारी पडू, मोठीआई?"

"तेही खरंच. म्हशीसारखी तर आहेस."

चौथ्या दिवशी जेवून आल्यावर रंगारणीनं अस्तराचा ब्रश फिरवला, आणि अस्तर लाकडावर बसेना. थेंब थेंब होऊन पळायला लागलं. तिनं बोट फिरवून नाकाशी धरलं. मग फळीकडं बघितलं. बाटली अर्धी झाली होती आणि मोठीआईचे केस मात्र कोरडे, वाऱ्यानं कापसासारखे उभे.

मोठीआई म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो, सांडतं कधीमधी. सांडलेलं तेल कपाटाच्या माथ्यापर्यंत कसं चढलं, ते रंगारणीनं विचारलं नाही. पुन्हा सोडा कालवला, पुन्हा धुतलं. पाचव्या दिवशी ती जेवायला गेली आणि तेल पुन्हा सांडलं. या वेळी तिनं धुतलं नाही. तसंच अस्तर फासलं आणि घरी गेली. त्या रात्री तिला भाकरी गोड लागली नाही.

सहाव्या दिवशी लेक दारात गाडी लावूनच आत आला. कपाटाच्या कडेला त्यानं नख लावलं, तर दुधावरची साय निघावी तसं हातभर अस्तर सोलून हातात आलं. त्यानं बोटं एकमेकांवर चोळली. नाकाशी नेली. मग सावकाश मान वळवून आईकडं बघत राहिला. बाहेर बैलानं मान झटकली.

"माझा हात आहे तो," रंगारीण म्हणाली.

"म्हणजे?"

"डोक्याला तेल चोपडून आले, हात धुवायचे राहिले. चूक माझी. आता पार उघड्या लाकडापर्यंत घासावं लागेल. पंधरा दिवस धरा."

"वहिनी, हे मी गावभर सांगेन. पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही तुम्हाला."

"सांगा."

त्यानं फळीवरची बाटली काढून खिशात घातली आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसला. म्हणाला, घासा, आता मी इथून हलत नाही.

रंगारणीनं पिशवी उघडली. जाडा काचपेपर, जो दोन दिवसांत लाकूड उघडं करतो, तो तळाशी ढकलला. सगळ्यात बारीक काढला आणि कपाटाच्या एका कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेवर, हळूहळू घासायला लागली. त्याची नजर तिच्या हातावर होती. त्याला दोन्हीतला फरक कळत नव्हता.