मेमरीच्या बोर्डावरचं कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भोसरीतल्या पंपाच्या कारखान्यातला कॉम्प्युटर बंद पडला. साल एक्क्याऐंशी. अख्ख्या औद्योगिक वसाहतीत कॉम्प्युटर दोन-तीन कंपन्यांकडेच, त्यामुळे त्याचा थाट जावयासारखा : वेगळी खोली, गार हवा, चपला बाहेर. तो रुसला की दुरुस्तीला कॉम्प्युटर कंपनीचा जहीर यायचा.

मॅनेजर जयसिंगराव त्याला दारातच भेटले. कॉम्प्युटरच्या कपाटाला ज्यानं हात लावला असेल त्याला आजच घरी बसवतो, म्हणाले. खोली झाडणारी शालनबाई फडकं घेऊन भिंतीशी उभी होती. तिचा नवरा खंडू इथेच लेथ मशिनवर होता. तो गेल्यावर कंपनीनं तिला कामावर घेतलं, पण अजून कायम केलं नव्हतं. तिचा उतरलेला चेहरा जहीरनं पाहिला.

मेमरीचा दिवा लाल होता. त्यानं कपाटातले मेमरीचे चारही बोर्ड काढले आणि एकेक बसवून पाहिला. पहिले दोन गुणी निघाले. तिसरा बसवला की दिवा लाल. त्याची जागा बदलली तरी तेच. म्हणजे दोष जागेचा नाही, बोर्डाचाच. चौथ्याचीही तीच रड. मग त्यानं तिसरा बोर्ड उजेडात धरला. चिपच्या बारीक पायांत लाल काहीतरी वाळलं होतं. बोटानं लावलेलं ओलं कुंकू. चौथ्यावरही तेच.

भिंतीशी उभ्या शालनबाईकडे एकदा पाहून त्यानं स्पिरिट आणि ब्रश घेऊन दोन्ही बोर्ड धुतले. चौथा शुद्धीवर आला. तिसऱ्याच्या चिपा मात्र ओल्यातच वीज खेळल्यानं जळल्या होत्या. त्याच्या जागी पेटीतला नवा बोर्ड बसवला, तेव्हा कुठे दिवा हिरवा झाला.

काय झालं होतं, जयसिंगरावांनी विचारलं.

खोटं बोलणं जहीरला कधी जमलं नव्हतं, आणि नेमकं आज जमवायचं होतं. बोर्डावर घाण बसली होती, तो म्हणाला. गेल्या खेपेला कपाटाची किल्ली मीच त्याच्या दाराला विसरलो. किल्लीचं तेवढं खरं होतं. जयसिंगराव उखडले, तुमच्या कंपनीत वर तक्रार करतो म्हणाले.

शालनबाईला ते बघवेना.

"साहेब, जहीरभाऊंचा दोष न्हाई. कुंकू मी लावलं."

काल खाली सगळ्यांनी आपापल्या मशिनीची पूजा केली, ती सांगू लागली. विधवा म्हणून तिला मात्र कुणी ताटाला हात लावू दिला नाही. म्हणून ती या रिकाम्या खोलीत आली. मशिन जिथं काम करते तिथंच टिळा लावायचा, वरच्या पत्र्याला नाही, असं खंडू म्हणायचा. तिनं कपाट उघडलं ते त्यासाठी.

"सगळी म्हणत्यात, ही मशिन आली, आता माणसं कमी करणार. म्हणून तिलाच म्हणलं, बाई, मला तेवढं ठेव. लेकरं हायत."

जयसिंगरावांनी कपाटाचं दार लावून घेतलं.

"शालनबाई, मशिन कुणाला काढत नाही. काढतो तो मी."

जहीरनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"आणि खंडूच्या बायकोला मी काढणार नाही. हे मशिनीला नाही, मला सांगायचं होतंत."

शालनबाई मटकन खाली बसली आणि इतक्या महिन्यांचं रडू तिनं हातातल्या फडक्यात रडून घेतलं. जहीर पाठमोरा होऊन कपाटाचे स्क्रू आवळत राहिला. ते सगळे केव्हाच आवळून झाले होते.